तलाव कुणाचा, मासोळी कुणाची

महाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं ओंजळ येते. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले, पाणी प्याले. त्या ओंजळीवर आपण ढिगानं कविता लिहिल्या. मीही लिहिल्या. पण ओंजळीनंतर दहा वर्षं कोर्टात काय चाललं होतं, ते आपण कवी लोक सांगत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दावा ठोकला. रूढी तर पुढं केलीच, वर म्हणाले, हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी मालकीचं आहे. म्हणजे नुसता धर्म पुरेना, तेव्हा मालकी आणली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात त्यांचं म्हणणं पडलं.

तळं कुणाचं, हा प्रश्न तिथं पिण्याच्या पाण्यापुरता सुटला. पाण्यातल्या मासोळीचा तसाच राहिला.

मी नागपूरकडं एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर रात्रपाळी करतो. गाव भंडारा जिल्ह्यातलं. आमच्याकडं गावागणिक तलाव. सांगतात की गोंड राजांनी हुकूम काढला, तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन. कोहळी लोकांनी बांधले. तलावाला नाव कोहळी पाटलाचं. पाळीवर माती कुणी वाहिली, त्याचं नाव कुठंच नाही. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत केला आणि पुढच्या काही वर्षांत मालगुजारांना गावाचे मालक करून टाकलं. गाव त्याचं, तलाव त्याचा, मासोळी त्याची.

तरी त्या जमान्यात एक कागद होता, वाजिब-उल-अर्ज. गावाच्या चालीरीती त्यात लिहीत. पाणी कुणी कसं घ्यायचं, वाट कुठून, मासे कुणी धरायचे. लिहिणारा वरचाच माणूस, त्यामुळं त्यात आपलं किती आलं असेल ते ओळखा. पण लिहीत होते.

मालगुजारी मोडायचा कायदा १९५० चा, अंमल १९५१ पासून. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात. बहुतेक तलाव सरकारजमा झाले. सरकारी कागदात ते ‘माजी मालगुजारी तलाव’, थोडक्यात मामा तलाव. मामा गेला, पण नाव पाण्यावर तरंगतंच आहे.

आता गंमत बघा. महाराष्ट्राचा जमीन महसूल कायदा १९६६ चा. त्याचं कलम १६५ वाजिब-उल-अर्जाचंच. मासे धरण्याचा हक्क त्यात नोंदवायचा, असं स्वच्छ लिहिलंय. फक्त एक अट. ते पाणी सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचं वा ताब्यातलं नसावं. आणि तलाव तर सरकारचे झालेले! मालक हटला त्याच दिवशी चालीचा हक्क लिहायची जागाही गेली. त्या जागी ठेका आला.

ठेका मच्छीमारांच्या सोसायटीला. ऐकायला चांगलं. आमच्या गावात सोसायटी ढिवरांची, पण बीज उधारीवर देणारा व्यापारी, मासोळी उचलणाराही तोच. भाव त्याचा.

बीज का विकत घ्यावं लागतं, हे समजून घ्या, कारण सगळी मेख तिथंच आहे. रोहू, कतला, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे. थांबल्या तलावात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञानं माशाच्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावलं. शोध मोठा, त्याला माझा सलाम. पण त्यानंतर तलाव म्हणजे दरसाल बीज विकत घ्यायचं शेत झालं. मरळ, वाघूर आमच्या तलावात आपोआप व्हायचे, कुणाला पैसा न देता. ते बीज खातात म्हणून शत्रू ठरले. पुस्तकी रीत अशी की बीज सोडण्याआधी मोहाची पेंड टाकून त्यांना मारून काढायचं. वरून काठानं बेशरम माजली. जिथं गवतात मरळ अंडी घालायची, तिथं आता बेशरमीचं रान.

माझी आजी ऐंशीच्या पुढं आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्या वस्तीच्या बाया गाळात हातानं मासोळ्या चाचपायच्या. मालगुजाराच्या वेळी अर्ध्या त्याच्या वाड्यावर. ठेका आल्यावर एका साली राखणदारानं तिची टोपली पाळीवरच पालथी केली. राखणदार ढिवरच होता, रोजीवरचा. आजी सांगते, “त्याच्याबी घरी मरळ शिजत नोयती रे बाबू.”

हे मी मुद्दाम लिहितो. आपली पोरं ढिवरांशी भांडतात आणि ढिवर आपल्याला तलावावर फिरकू देत नाहीत. व्यापारी दोघांकडंही हसून बघतो.

याच जिल्ह्यांत, भंडारा-गोंदियात, काही गावच्या ढिवरांनी गेल्या काही वर्षांत बेशरम उपटली. तलावाच्या तळात पाणवनस्पती लावल्या, गावरान मासे परत सोडले. बायाही चिखलात उतरल्या. मासोळी परत आली. म्हणजे होतं. पण उद्या ठेका दुसऱ्याला गेला तर ती मासोळी कुणाची?

मागच्या सुट्टीत मी कचेरीत गेलो, गावच्या जुन्या वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागायला. कारकून म्हणाला, “तुमी ढिवर आहा का?” म्हटलं, नाही. “मंग तुमाले कायले पायजे?” मी आजीच्या टोपलीचं सांगायला लागलो, तर तो म्हणाला, अर्ज लिहून द्या. दिला. पोच खिशात आहे. आजी रोज फोनवर विचारते, कागद भेटला का.