शर्यतीची मोटार : सौंदर्य आवरणात, सुरक्षा सांगाड्यात

सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये पत्राकाम आणि वेल्डिंगचे कसब सहज उपलब्ध आहे. तथापि, स्वतः बांधलेल्या शर्यतीच्या मोटारीचे बाह्य आवरण म्हणजे तिचे चिलखत नव्हे. पातळ ॲल्युमिनियम वाकवून किंवा साच्यावर फायबरग्लासचे थर चढवून केलेले आवरण वारा कापते. आघात मात्र पोलादी नळ्यांचा सांगाडा पेलतो. ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत इंजिन बंद करणारी तीन बटणे सक्तीची असतात : एक चालकाच्या हाताशी, दोन त्याच्या मागे दोन्ही बाजूंस. चालक बेशुद्ध पडला, तरी बाहेरच्या माणसाला ती दाबता येतात. ब्रेक निकामी होऊन पेडल मर्यादेपलीकडे गेल्यास स्वतंत्र स्विच इंजिन थांबवतो. चालकाला ५ सेकंदांत बाहेर पडता आलेच पाहिजे.