पत्र, फोन, पडदा : दूरस्थ समुपदेशनाचा पूर्वेतिहास

पडद्यावरून होणारे मानसिक समुपदेशन हे करोनाकाळाचे अपत्य आहे, असा समज आपल्याकडे रुजला आहे. कालक्रम पाहिला तर तो टिकत नाही. अमेरिकेतील ओमाहा येथे सेसिल विटसन व त्यांचे सहकारी १९५९च्या सुमारास मनोरुग्णांसाठी दुहेरी दूरचित्रवाणी वापरू लागले होते. १९६४ साली ११२ मैलांवरील नॉरफोकचे मनोरुग्णालय त्यांनी या यंत्रणेने जोडले. तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण दूर, ही अडचण तेव्हाही हीच होती.

परंतु यंत्राच्या इतिहासापेक्षा संवादाचा इतिहास जुना आहे. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिट्ल हान्स’च्या प्रकरणात उपचारांच्या काळात फ्रॉइडने त्या मुलाला एकदाच पाहिले, बाकीचे काम वडिलांनी कळवलेल्या वृत्तांतावर चालले. मराठीत याचे जवळचे उदाहरण म्हणजे र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मधील (१९२७–१९५३) प्रश्नोत्तरे. घरात उच्चारता न येणारे प्रश्न वाचक पोस्टाने पाठवीत आणि कर्वे रोखठोक उत्तरे देत. त्यांना समुपदेशन म्हणणे काहींना अतिव्याप्त वाटेल. आम्हाला वाटत नाही. अपराधभावाने पोखरलेल्या माणसाला ‘यात पाप नाही’ असे सांगणे, हे त्या काळी दुसरे कोण करीत होते? याच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला, हे आपल्याला ठाऊकच आहे.

येथे गोपनीयतेचा प्रश्न उपस्थित होतो. चॅड व्हारा यांनी १९५३ साली लंडनमध्ये ‘समॅरिटन्स’ची दूरध्वनी सेवा सुरू केली, तेथे नाव सांगण्याची सक्ती नव्हती. याउलट भारतातील मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर व रुग्ण यांना परस्परांची ओळख माहीत असणे आवश्यक आहे. उपचारांच्या जबाबदारीसाठी हे योग्यच. पण निनावीपणाचा आसरा त्यात गेला. (निव्वळ समुपदेशकांना ही तत्त्वे थेट लागू नाहीत, हा वेगळाच गुंता.)

‘सुरक्षित’ हे विशेषणही तपासून घ्यावे लागते. फिनलंडमधील ‘वास्तामो’ या मानसोपचार संस्थेच्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या आणि २०२०च्या ऑक्टोबरात रुग्णांनाच खंडणीची पत्रे आली. चोरी झाली ती लिहून ठेवलेल्या टिपणांची. चालू संभाषण कोणी ऐकले नव्हते.

आणि घराच्या भिंती? टाळेबंदीत आमची एक विद्यार्थिनी समुपदेशकाशी बोलायला गच्चीवर जाई. खाली आई कपडे वाळत घालायला येई, तेव्हा तिची उत्तरे ‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच उरत.