मोठें चित्र आणि पहिला कॅमेरा



आमच्या शाळेची जुनी दगडी इमारत २००५ सालीं पाडली गेली. पाडण्यापूर्वीं तिचें छायाचित्र काढून, तें तीन फूट रुंद करून नव्या सभागृहांत लावावें असें ठरलें; आणि चित्रकलेचा शिक्षक म्हणून तें काम मजकडे आलें. त्या निमित्तानें मीं आयुष्यांतला पहिला डिजिटल एस्. एल्. आर. कॅमेरा विकत घेतला. साठ लाख ठिपक्यांचा. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, यांतून भिंतीएवढें चित्र निघेल." चित्र निघालें, भिंतीवर लागलेंही. परंतु दरवाजावरील शिळेंत देणगीदारांचीं जीं नांवें कोरलेलीं होतीं, त्यांतील एकही त्या चित्रांत वाचतां येत नाहीं. इमारत तर आतां उरलीच नाहीं. दोष कॅमेऱ्याचा कीं माझा, हें शोधतांना जो इतिहास हातीं लागला, तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

पूर्वीं स्वच्छ आणि मोठें चित्र हवें असेल तर मोठी कांच हाच राजमार्ग असे. कांचेवरील उलटें चित्र कागदाशीं भिडवून छापीत, म्हणून कांच जेवढी तेवढेंच चित्र. १९०० सालीं शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्स यानें एका रेल्वे कंपनीच्या आगगाडीचें एकसंध चित्र काढण्यासाठीं ८ फूट रुंद व ४॥ फूट उंच कांचेचा कॅमेरा बनविला. त्याचें वजन सुमारें १,४०० पौंड होतें, आणि तो हालवावयास पंधरा माणसें लागत! आपल्याकडील स्टुडिओंतली 'फुल प्लेट' कांच ६॥ इंच गुणिले ८॥ इंच एवढीच असे. पण आमच्या शाळेच्या कपाटांतलें १९३८ सालचें गटचित्र तशाच कांचेवरचें आहे, आणि भिंग लावून पाहिल्यास पहिल्या रांगेंतील मुलाच्या सदऱ्याची तुटकी गुंडीसुद्धां त्यांत दिसते. त्या छायाचित्रकाराला मी मनोमन नमस्कार करतों.

पुढें सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रें काढण्याची रीत पडली. १९३६ सालीं ड्रेस्डेन येथील कारखान्यानें 'किने एक्झाक्टा' हा त्या फिल्मचा आरशाचा कॅमेरा काढला. भिंगांतून येणारें बिंब आरशावर पडून डोळ्यांस दिसे व चित्र घेतेवेळीं आरसा बाजूस होई; म्हणजे जें दिसलें तेंच उमटे, आणि भिंगें बदलतां येत. कांच मात्र गेली, आणि तिच्या जागीं २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चिमुकली चौकट आली.

या चौकटींतून फिल्मही जावी, याची सुरुवात १९७५ सालची. कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यानें जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, त्यांत अवघे १०,००० ठिपके होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. १९९१ सालीं त्याच कंपनीनें निकॉन एफ-३ च्या देहांत १३ लाख ठिपके बसविले. चित्रें सांठविण्याची पेटी तेव्हां वेगळी खांद्यावर वाहावी लागे. १९९९ चा निकॉन डी-१ सत्तावीस लाखांचा होता. २००३ सालीं कॅननचा ३००-डी त्रेसष्ट लाख ठिपके घेऊन हजार डॉलरांच्या आंत आला, आणि हौशी माणसाच्या घरांत असला कॅमेरा शिरला.

आतां दुकानदाराचें वाक्य तपासूं. हातांत धरून पाहावयाच्या चित्रास इंचाला ३०० ठिपके पुरतात. माझ्या कॅमेऱ्यांत रुंदीस सुमारें ३,००० ठिपके होते. म्हणजे दहा इंचांचें चित्र चोख. तें ३६ इंचांवर ताणतांच इंचामागें ८३ उरले! तरीही दुकानदार खोटें बोलला नव्हता. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांत १९५० पासून १९९० पर्यंत कोडॅकचीं ६० फूट रुंद चित्रें लागत, आणि प्रवासी तीं दुरून पाहून खूष होत. माझेंही चित्र दहा फुटांवरून सुरेख दिसतें. पण नांवें दहा फुटांवरून कोणी वाचीत नाहीं; आणि ज्यांचे आजे-पणजे त्या शिळेवर होते, ते तर अगदीं जवळ जाऊन बोट फिरवीत शोधतात.

रुंदी दुप्पट हवी तर ठिपके चौपट लागतात, हें गणित मी मुलांना फळ्यावर शिकविलें, आणि दुकानांत विसरलों. शिवाय चित्र मीं संध्याकाळीं, ट्रायपॉडवांचून, कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या साध्या भिंगानें काढलें. त्याच कॅमेऱ्यानें इमारतीचे वीस-पंचवीस भाग एकमेकांवर थोडे चढवून टिपले असते, तर संगणकावर तीं जोडून शिळा वाचतां आली असती; तशीं साधनें तेव्हांही होतीं. दोष माझाच.

सध्यां माझा पुतण्या असाच पहिला कॅमेरा शोधीत आहे. गांवचा वाडा विकला जाणार आहे, आणि त्याचें मोठें चित्र त्याला हवें आहे. कारखानदार आतां आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळें आरशाचे चांगले कॅमेरे जुन्या बाजारांत स्वस्त मिळतात. २००८ चा कॅनन ५-डी मार्क टू दोन कोटींहून अधिक ठिपक्यांचा, म्हणजे पावणेएकोणीस इंच चोख. २०१२ चा निकॉन डी-८०० साडेचोवीस इंच. दोहोंतही चौकट जुन्या फिल्मएवढी पुरी आहे. "काका, मग दुसराच घेतों," तो म्हणाला. मीं सांगितलें, पहिला घे, आणि उरलेल्या पैशांत एक चांगलें भिंग व भक्कम ट्रायपॉड. ट्रायपॉड त्यानें आणला आहे. पाऊस उघडला कीं आम्ही दोघे गांवीं जाणार आहों. तुळईवरचीं अक्षरें आधीं टिपावयाचीं, वाडा मागाहून.