वर्ध्याची माणसांची पेढी

योग्य माणूस हेरणे, त्याच्या निर्वाहाची तजवीज करणे आणि त्याला शोभेल असे काम सोपविणे हा मनुष्यबळ सल्लागारांचा व्यवसाय आज मोठ्या शहरांत प्रतिष्ठा पावला असला, तरी 1921 ते 1942 या दोन दशकांत वर्ध्यासारख्या कापसाच्या बाजारगावी हेच कार्य देशव्यापी प्रमाणावर, आणि तेही मोबदल्याविना, एका पेढीवाल्याने चालविले होते. 1889 साली सीकर संस्थानात जन्मलेले आणि वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घराण्यात दत्तक आलेले जमनालाल बजाज हे ते गृहस्थ होत.

साबरमतीसारखा आश्रम वर्ध्यासही असावा, हा त्यांचा आग्रह गांधीजींनी मान्य केला आणि त्याच्या संचालनासाठी 1921 च्या एप्रिलात विनोबांना पाठविले. परंतु माणूस मिळाला म्हणजे कार्य मार्गी लागले असे होत नाही. असहकाराच्या हाकेसरशी ज्यांनी वकिली वा नोकरी सोडली, त्यांच्या घरची चूल पेटावी कशी, हा प्रश्न ज्या काळी बहुतेक पुढाऱ्यांना गौण वाटत होता, त्याच काळी, 1923 साली, जमनालालजींनी गांधी सेवा संघ स्थापून पूर्णवेळ कार्यकर्त्यांस निर्वाहवेतन देण्याचा पायंडा पाडला. दानधर्माच्या खात्यात न मोडणारा हा खर्च भांडवलाचा आहे, हे ओळखण्यास व्यापाऱ्याचीच दृष्टी हवी होती.

1934 च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यास स्थापन झाला, तेव्हा त्यास जमनालालजींनी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. वकिली सोडलेले वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष झाले, आणि लंडनात हिशेबतपासनीस झालेले, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थशास्त्र शिकलेले, मुंबईतील जम बसलेला व्यवसाय सोडून खादी ल्यालेले जो. कॉ. कुमारप्पा चिटणीस झाले. जमाखर्चात मुरलेल्या या गृहस्थाच्या देखरेखीखाली ग्रामसेवकांस तेलघाणी, हातकागद आणि मधमाशीपालन यांचे शिक्षण मिळू लागले. व्याख्यानापेक्षा घाण्यापाशी माणसाची पारख लवकर होते, हे तेथे अनुभवास येई.

या व्यवस्थेत वैगुण्य नव्हते असे नाही. गांधी सेवा संघ हा राजकारणातला एक गट बनतो आहे, असा आक्षेप वाढत गेला आणि 1940 साली मालिकांदा येथील अधिवेशनात गांधीजींच्या सल्ल्याने त्याचा पसारा आवरता घ्यावा लागला. तथापि निवडीची कसोटी निवडणाऱ्याच्या हयातीत लागत नसते. 11 फेब्रुवारी 1942 रोजी जमनालालजी निवर्तले. त्यानंतरही कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचे काम चालूच ठेवले, आणि पवनारास जमनालालजींच्याच जागेत राहत असलेले विनोबा 1951 साली तेथून पायी निघून तेलंगणात पोहोचले, तेव्हा भूदानाचा आरंभ झाला.