कण म्हणजे कणी नव्हे

आम्ही पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या बायका. इथल्या कारखान्यांत एकाच डायमधून हजारो बोल्ट निघतात, तरी गेज लावून तपासावे लागतात, कारण केसभर फरक पडतोच. वायरमधले इलेक्ट्रॉन मात्र जगभर तंतोतंत सारखे. असं का? याचं उत्तर मिळालं तेव्हा ‘कण’ या शब्दाचा अर्थच बदलला. त्या इतिहासात मुंबईचा वाटा आहे आणि एका बाईचाही.

कण म्हटलं की आपल्याला तांदळाची कणी आठवते. पण १९२७ पासून डिरॅक आणि इतर शास्त्रज्ञांनी वेगळं चित्र मांडलं. विहिरीत पाणी असतं, तसं सगळ्या जगात इलेक्ट्रॉनचं एकच क्षेत्र पसरलेलं आहे. त्यावर उठलेला तरंग म्हणजे इलेक्ट्रॉन. हा तरंग अर्धा-पाव उठत नाही. एक, दोन, तीन असा पुराच उठतो. क्षेत्र एकच, म्हणून सगळे इलेक्ट्रॉन सारखे.

१९३६ साली होमी भाभांनी एक हिशेब मांडला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन आदळले, की ती जोडी नाहीशी होऊन नवी जोडी उठू शकते. बाहेर पडलेली जोडी जुनी की नवी, हे सांगताच येत नाही. कणी असती तर खूण करून ओळखली असती. तरंगावर खूण कशी करणार?

याच काळात कोलकात्याच्या बिभा चौधुरी, देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर, दार्जिलिंग आणि संदकफूच्या डोंगरावर फोटोच्या काचा ठेवून आकाशातून येणाऱ्या कणांच्या खुणा शोधत होत्या. इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट जड कणांच्या खुणा त्यांना सापडल्या. १९४१-४२ मध्ये ‘नेचर’ मासिकात ते छापून आलं. पण महायुद्धामुळे चांगल्या काचा मिळेनात आणि काम थांबलं. पुढे इंग्लंडात पॉवेल यांनी याच पद्धतीने, चांगल्या काचा वापरून शोध लावला. १९५० चं नोबेल त्यांना मिळालं.

१९४९ मध्ये बिभाताई मुंबईला भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक.

आकाशातून येणारे म्युऑन नावाचे कण आत्ताही तुमच्या तळहातातून जात आहेत, सेकंदाला साधारण एक. म्युऑन मोडला की इलेक्ट्रॉन निघतो. पण शेंगेतून दाणा निघावा तसा नव्हे. तो आत नव्हताच. एक तरंग विरला आणि दुसऱ्या क्षेत्रांवर नवे उठले.

बिभाताई १९९१ मध्ये गेल्या. २०१९ मध्ये एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळालं. गटाच्या वहीत आपण काम करणारीचं नाव त्याच दिवशी लिहितो. ती सवय सोडू नका. आणि घरातली पोरगी विज्ञान शिकते म्हणाली, तर तिला बिभाताईंचं नाव आधी सांगा.