वैनगंगेच्या अलीकडे थांबलेली फुफी

१९८३ च्या हिवाळ्यात माझी फुफी कराचीहून चंद्रपूरला आली. अब्बांची थोरली बहीण. जन्म चांद्याचा, बालपण चांद्याचं, लग्नही इथलंच. फुफा बल्लारशाला रेल्वेत होते. १९४७ साली सरकारी नोकरांना भारत की पाकिस्तान हे लिहून द्यायचं होतं. फुफांनी पाकिस्तान लिहिलं आणि पुढच्या वर्षी फुफी मुंबईहून जहाजाने कराचीला गेली. नंतर १९६५ आणि १९७१ ची युद्धं झाली, येणं-जाणं थांबलं. १९७४ साली दोन्ही देशांत व्हिसाचा करार झाला, १९७८ मध्ये कराचीत भारताचं वाणिज्य दूतावास सुरू झालं, आणि मग कुठे तिची माहेरची वाट मोकळी झाली.

व्हिसावर तीन ठिकाणं लिहिली होती : मुंबई, नागपूर, चंद्रपूर. पाकिस्तानी पाहुण्याला पूर्ण देशाचा व्हिसा मिळत नसे, आजही मिळत नाही. गावांची नावं घालून मिळायचा. पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद, निघण्याआधी पुन्हा नोंद. अब्बा तिला घेऊन गेले. मी दहा वर्षांचा, बोट धरून सोबत.

अडचण निघाली लग्नाची. फुफीच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न वडशाला होतं. लग्न गाठायचं म्हणूनच तर ती आली होती. नोंद करणारे जमादार सज्जन गृहस्थ. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "भाईसाहेब, चंद्रपूर लिहिलंय ते मी जिल्हा धरतो. ब्रह्मपुरीपर्यंत बाईंना घेऊन जा. पण नदीपलीकडे जाऊ नका. वडसा आता आपल्या जिल्ह्यात नाही."

खरंच नव्हतं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला होता. वैनगंगेच्या पलीकडचं वडसा तिकडे गेलं, अलीकडची ब्रह्मपुरी इकडे राहिली. हा निर्णय प्रशासनाच्या सोयीचा होता, त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. पण त्या रेघेमुळे फुफी भाचीच्या निकाहला पोहोचली नाही. चांदा फोर्टहून छोट्या लाईनच्या गाडीने आम्ही ब्रह्मपुरीला उतरलो, फुफी एका नातेवाइकाकडे थांबली, बाकीचे पूल ओलांडून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी तिला सलाम करायला आले.

ही कहाणी मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा आठवली, ती एका प्रश्नासाठी. आमच्या या जंगलाच्या मुलखात ‘परदेशी’ कोण, हे कधी, कुणी आणि कशाच्या आधारे ठरवलं?

परवान्याचे दिवस

फाळणी झाली तेव्हा दोन्ही देशांत यायला-जायला कागद लागत नव्हता. भारतात परकीयांसाठी कायदे होते, पण ते इंग्रजांनी इतर लोकांसाठी केलेले. परकीयांना हाकलण्याचा अधिकार देणारा १८६४ चा कायदा, पासपोर्टचा १९२० चा, नोंदणीचा १९३९ चा आणि ‘परकीय नागरिक कायदा’ १९४६ चा. या शेवटच्या कायद्यात एक कलम होतं : आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच. सरकारने आरोप करावा आणि पुरावा आपण द्यावा, अशी ही उलटी रीत.

१९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. दंगलीच्या भीतीने गेलेले हजारो मुसलमान परत येऊ लागले होते आणि त्यांच्या घरांत तोवर पंजाब-सिंधचे निर्वासित राहू लागले होते. दोघांनाही छप्पर हवं होतं. परवान्याचे प्रकार होते. तात्पुरत्या भेटीचा वेगळा, कायमच्या परतीचा वेगळा. घाईत मिळेल तो परवाना घेऊन अनेक जण आले. ज्याच्या हाती तात्पुरत्या भेटीचा कागद होता, तो मुदत संपल्यावर आपल्याच गावात गुन्हेगार ठरला.

हीच तारीख पुढे राज्यघटनेत गेली. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेला निर्वासित जवळपास आपोआप नागरिक, नंतर आलेल्याने नोंदणी करायची. हे सहावं कलम. सातवं कलम उलट्या दिशेचं : १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात गेला तो नागरिक नाही, कायमच्या परतीच्या परवान्यावर आला असेल तरच विचार. फुफी या सातव्या कलमात बसली. कलमात धर्माचा शब्द नाही, पण सहावं कुणासाठी आणि सातवं कुणासाठी हे सभागृहात सगळ्यांना कळत होतं.

ऑगस्ट १९४९ मधली ती चर्चा वाचताना मला एका विदर्भीय माणसाने थांबवलं. डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावतीचे, शिक्षणमहर्षी, पुढे देशाचे कृषिमंत्री. बहुजनांच्या कित्येक पिढ्या त्यांनी शिकवल्या, त्यात आमचीही मुलं आली. पण नागरिकत्वाचा मसुदा त्यांना फार सैल वाटला. जन्माने नागरिकत्व देऊ नये असं म्हणत त्यांनी दुरुस्ती मांडली : इतर कुठल्या देशाचा नागरिक नसलेला हिंदू किंवा शीख, तो कुठेही राहत असो, भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावा. संविधान सभेने ती स्वीकारली नाही. माणसाचं मोठेपण आणि त्याचं चुकलेलं मत, दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवायला आपण शिकलं पाहिजे.

न्यायालयांनी काही दरवाजे उघडले, काही लावले. १९५४ मध्ये मुंबई राज्यातल्या इब्राहिम वजीर मावत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, परवान्याचा नियम मोडला म्हणून भारताच्या नागरिकाला देशाबाहेर काढता येणार नाही. पण १९६२ च्या इजहार अहमद खान खटल्यात पाकिस्तानचा पासपोर्ट घेणं म्हणजे तिथलं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा, हा नियम कायम राहिला. १५ ऑक्टोबर १९५२ ला दोन्ही देशांत पासपोर्ट सुरू झाले होते. आजारी आईला भेटायला जायचं म्हणून ज्यांनी तो घेतला, त्यांची स्वेच्छा कुणी विचारली नाही.

वर्धा नदीपलीकडचे ‘गैरमुल्की’

आता आपल्याच मुलखात येऊ. बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की राजुरा. आज हा चंद्रपूरचा तालुका आहे. १९४८ पर्यंत मात्र नदीपलीकडे निजामाचं राज्य होतं आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात मोडायचं. १९५६ मध्ये ते नांदेड जिल्ह्याला जोडलं गेलं, १९५९ मध्ये चांद्याला. माणूस जागचा हलला नाही आणि तीन जिल्ह्यांचा झाला.

निजामाच्या राज्यातही आतला-बाहेरचा भेद होताच. सरकारी नोकरी ‘मुल्की’ माणसाला, बाहेरचा तो ‘गैरमुल्की’. त्या हिशेबाने नदीअलीकडचा चांद्याचा माणूसही परका. आणि हद्रमौतहून आलेले अरब, सरहद्दीकडून आलेले रोहिले पठाण पिढ्यान् पिढ्या तिथलेच झाले होते. कुणी निजामाच्या फौजेत, कुणी पहारेकरी, कुणी सावकारी करणारे. रोहिल्यांच्या वसुलीची दहशत मराठी आणि तेलुगू शेतकऱ्यांनी सोसली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर वारे फिरले. काल मुल्की असलेले अरब आणि पठाण आता परदेशी ठरले. त्यांना पकडून छावण्यांत ठेवलं गेलं, मायदेशी पाठवायचं ठरलं. पण मायदेश कुठला? बरेच जण हैदराबाद राज्यातच जन्मलेले. आई दखनी, बोली दखनी. एडनकडचे इंग्रज अधिकारी त्यांना घ्यायला नाखूश. काही पाठवले गेले, पण अनेक जण अखेर इथेच राहिले, कारण त्यांना पाठवायला दुसरी जागाच नव्हती.

मूलचेऱ्याचे बंगाली

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मूलचेराकडे गेलात तर जंगलात अचानक वेगळीच नावं भेटतात : सुंदरनगर, विवेकानंदपूर, देशबंधुग्राम, खुदीरामपल्ली. भाताची खाचरं, घरामागे माशांचं तळं, उंबऱ्याशी तुळस. ही पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं. यातले बहुसंख्य नमःशूद्र, म्हणजे दलित शेतकरी आणि मासेमार.

पूर्वेच्या सीमेवर १९५२ पर्यंत परवाना नव्हता. नंतर पासपोर्ट आले, १९५६ पासून स्थलांतराचा दाखला लागू झाला. सरकारने निर्वासितांचे गट पाडले. मार्च १९५८ पर्यंत आलेले ‘जुने’, १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेले ‘नवे’. मधल्या काळात आलेल्यांना पुनर्वसनाचा हक्कच नाही. नव्यांना अट अशी की, मदत हवी असेल तर पश्चिम बंगालच्या बाहेर जायचं. खुलन्याच्या दंगलीतून जीव वाचवून आलेल्या लोकांना रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवलं आणि तिथून कुणाला दंडकारण्य प्रकल्पात कोरापूट-बस्तरला, कुणाला आमच्या चांदा जिल्ह्यात पाठवलं. नद्यांच्या मुलखातली माणसं सागवानाच्या जंगलात आली.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात सोय होती. अविभाजित भारतात जन्मलेला माणूस किंवा त्याची मुलं, ठरावीक काळ इथे राहून नोंदणीने नागरिक होऊ शकत. त्या वाटेने अनेक जण नागरिक झाले. पण २५ मार्च १९७१ नंतर आलेल्यांना ती वाट बंद करण्यात आली आणि २००३ च्या दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ हा शिक्का कायद्यातच आणला. एका घरात थोरला भाऊ नागरिक आणि मागून आलेला मामा बेकायदा, असं होऊ लागलं. शिवाय पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. देश मिळाला, पण जातीच्या दाखल्यासाठी त्यांची मागणी अजून चालूच आहे.

आणि ज्या माडिया-गोंडांच्या रानात ही गावं वसली, त्यांचं काय? त्यांना कुणी विचारलं नव्हतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने उशिरा का होईना त्यांचा हक्क मानला. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण याच कायद्याने बिगर-आदिवासी वननिवाशाला तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करायला सांगितला. १९६५ ला सरकारनेच आणून सोडलेला बंगाली शेतकरी २००५ सालापूर्वीची पंचाहत्तर वर्षं कुठून आणणार?

हिशेब

२०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वाट मोकळी केली. नियम मार्च २०२४ मध्ये आले. मूलचेऱ्याच्या मामाला यातून दिलासा मिळाला तर मला आनंदच आहे. त्याने सोसलंय. माझं भांडण त्याच्याशी नाही. सातव्या कलमात न लिहिलेला शब्द इथे लिहिला गेला, आणि देशमुखांची जी दिशा संविधान सभेने नाकारली होती तिच्या जवळ आपण सत्तर वर्षांनी जाऊन पोहोचलो, हे माझं दुखणं आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून चार जुने कायदे जाऊन ‘आप्रवास आणि परकीय नागरिक कायदा’ लागू झाला. वैध पासपोर्ट-व्हिसाविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सीमेचं रक्षण प्रत्येक देश करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुराव्याचा भार नव्या कायद्यातही माणसावरच आहे. ज्याच्या घरी जन्माचा दाखला नाही असा माडिया, पुरात कागद वाहून गेलेला कोष्टी, आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलं गेलेला मुसलमान : यांच्यावर तो भार सारखा पडत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे अल्पमुदतीचे व्हिसा रद्द झाले. निरपराधांना मारणाऱ्यांना माफी नाहीच. पण सीमेवरच्या त्या रांगेत माहेरी आलेल्या बायका मी टीव्हीवर पाहिल्या आणि फुफी आठवली. फुफा गेल्यावर तिला कायमचं परत यायचं होतं. विधवा होऊन माहेरी परतणाऱ्या बाईला दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो, पण तिला सांभाळणारा पुरुष तिकडे नसेल तरच. फुफीला दोन मुलगे होते. ती कराचीतच वारली.

निघण्याच्या आदल्या दिवशी जमादारांनी नोंदवही पुन्हा उघडली होती. मी नुकताच वाचायला शिकलो होतो, म्हणून मोठ्याने वाचू लागलो. नागरिकत्व : पाकिस्तानी. पुढचा रकाना जन्मस्थानाचा. तिथे लिहिलं होतं, चांदा. फुफी हसली आणि म्हणाली, "बेटा, वो दूसरा वाला फिर से पढ़."