घोडनदीकांठची ‘लाल शराब’

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं घोडनदीच्या कांठीं शिरूर येथें इंग्रजांची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन याची तुकडी येथूनच पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशीं कोरेगांव येथें अन्नपाण्यावांचून लढली. त्या काळीं अशा छावण्यांतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर जीं पेयें मानाचीं गणलीं जात, त्यांत फ्रान्समधील बोर्दो प्रांताचें तांबडें द्राक्षमद्य प्रमुख होतें. इंग्रज त्याला ‘क्लॅरेट’ म्हणत. त्यांच्या मोडक्या हिंदुस्थानींत तें ‘लाल शराब’ झालें. यूल व बर्नेल यांच्या १८८६ सालच्या कोशांत हा शब्द नोंदलेला आहे.

ही आवड जुनी. ११५२ सालीं ॲक्विटेनची एलेनॉर हिचा विवाह पुढें इंग्लंडच्या गादीवर आलेल्या हेन्रीशीं झाला आणि १४५३ पर्यंत बोर्दो इंग्रजांकडे राहिलें. परंतु त्या तीनशें वर्षांत मुरलेल्या मद्याची गोडी कोणाला ठाऊक नव्हती. लांकडी पिंपांतलें मद्य लवकर बिघडे. म्हणून नवें तें महाग, जुनें तें स्वस्त, असा व्यवहार असे. अठराव्या शतकांत आडव्या ठेवतां येणाऱ्या बाटल्या व घट्ट बुचें प्रचारांत आलीं, तेव्हां कोठें वय हा दोष न राहतां गुण ठरला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनानिमित्त तेथील नामांकित मळ्यांची पांच वर्गांत प्रतवारी झाली, ती याच नव्या दृष्टीची साक्ष होय.

मुरलेल्या मद्याची परीक्षा डोळ्यांपासून सुरू होते. नव्या मद्याचा जांभळट रंग वर्षानुवर्षें निवळून कडेला विटकरी होतो. रंगद्रव्यें व तुरट द्रव्यें एकमेकांशीं जडून तळाशीं गाळ बसतो. म्हणून दिव्याच्या उजेडांत बाटलीची मान न्याहाळीत मद्य हळूच दुसऱ्या भांड्यांत ओततात. मग वास. ताज्या फळांचा गंध मागें पडून तंबाखू, देवदार, कमावलेलें कातडें, ओली माती यांची आठवण देणारे गंध वर येतात. शेवटीं जीभ. हिरड्यासारखा तुरटपणा मऊ झालेला असतो, आणि घोट गिळल्यावरही चव रेंगाळते. ती जितकी रेंगाळेल, तितकी प्रत उंच.

मात्र जुनें होणें व मुरणें एक नव्हे. मुरण्यास बारा ते चौदा अंश उष्णतेचें, अंधारें, शांत तळघर लागतें. केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिने जहाजांत तापलेली बाटली शिरूरच्या वैशाखांत पोहोंचे, तेव्हां ‘आबदार’ नांवाचा सेवक ती शोऱ्याच्या पाण्यांत बुडवून थंड करी. घोट गार होई. पण उन्हानें एकदां हरपलेला गंध शोऱ्यानें परत येत नसे.

पुढें काळ पालटला. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षमद्याच्या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण आंखलें आणि त्यानंतर दौंड तालुक्यांतील रोटी येथें कॅबर्ने सॉव्हिन्यों ही बोर्दोचीच जात लावली गेली. तेथें वेलीला हिमाळ्याची झोंप मिळते. येथें वर्षांतून दोनदां छाटणी होऊन फळ फेब्रुवारी-मार्चमध्यें उतरतें. वेल तीच, पण ऋतु निराळा. बोर्दोलाही आपलें मद्य मुरवावयास शिकण्यास शतकें लागलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे भीमेकांठच्या या नव्या मळ्यांकडून घाईनें निकाल मागणें अन्यायाचें होईल.